सौदीचा व्हिसा : कफील अजून आहे

कराड, मिरज, सांगलीच्या पेठेत माल द्यायला गेलो की हल्ली एकच सवाल कानी येतो, "चाचा, सौदीत आता कफील लागत नाही म्हणतात, खरे का?" लागतो. १४ मार्च २०२१ पासून एवढेच झाले की, करार संपल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते आणि सुटीवर येण्याचा अर्ज कामगार स्वतः करू शकतो. घरगुती ड्रायव्हर व माळी यांना त्या सुधारणेत घेतलेच नाही, आणि आपली मुले बहुधा ड्रायव्हर म्हणूनच जातात! प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना मात्र व्हिसाआधी येथेच कसबाची परीक्षा द्यावी लागते.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. त्याला सौदीत नोकरीसाठी प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची मंजुरी लागते. विजिट व्हिसाला ती लागत नाही, आणि एजंट लोक याच फटीतून माणसे पाठवतात. आमच्या ओळखीच्या एका टेलर मास्तरने दीड लाख मोजले, पावती नाही. तिकडे शिलाईऐवजी हमाली. मजुरी बुडाली तरी तक्रार कोठे करणार? कागदोपत्री तो पाहुणा! तीन महिन्यांत परतला. घरची दोन मशिने त्याआधीच विकली होती.

परवानाधारक एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये व जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मंजुरीसोबत दहा लाखांचा विमाही असतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. एजंटचा परवाना क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर कोणासही पाहता येतो, पैसे बँकेतूनच द्यावेत.