काटकसर आणि कद्रूपणा : नव्या कंपन्यांच्या व्यवहारातील एक अर्थभेद

खर्च आवरता घेणाऱ्या माणसाला मराठीत पुष्कळ विशेषणे आहेत. काटकसरी, चिकट, कद्रू, कंजूष, कवडीचुंबक. ह्यांपैकी पहिले वगळल्यास बाकीची सर्व निंदाव्यंजक होत. वस्तुतः कृती एकच असते. कचेरीसाठी नवे टेबल न घेणे ही गोष्ट एके ठिकाणी काटकसर ठरते व दुसरीकडे कद्रूपणा, आणि हा भेद वाचलेल्या रकमेवरून मुळीच सांगता येत नाही. त्याची खूण दोन वाक्प्रचारांत सापडते. स्वतःच्या पोटाला चिमटा घेणारा माणूस आदरास पात्र होतो. दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारा होत नाही. दोन्हीकडे पोटच आहे, प्रश्न ते कोणाचे एवढाच.

ज्यांना आज सर्वत्र 'स्टार्टअप' म्हणतात अशा बाल्यावस्थेतील कंपन्यांच्या बाबतीत ह्या भेदाला विशेष महत्त्व येते. अशा कंपनीचे उत्पन्न प्रारंभी खर्चाला पुरत नाही. ती बहुधा दुसऱ्याने दिलेल्या भांडवलावर जगते. हाती ६० लाख रुपये असून दरमहा निव्वळ ५ लाख खर्च होत असतील, तर तिचे आयुष्य १२ महिन्यांचे. तोच खर्च ४ लाखांवर आणल्यास १५ महिन्यांचे. ह्या अवधीला विमानाच्या धावपट्टीवरून 'रनवे' असे नाव पडले आहे. काटकसरीने येथे पैसा साठत नाही, अवधी मिळतो, आणि त्या अवधीत माल कोणाला हवा आहे हे शोधून काढावयाचे असते.

अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीचे उदाहरण ह्या संदर्भात नेहमी दिले जाते. १९९४ साली जेफ बेझोस ह्यांनी वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये ती सुरू केली. तयार टेबलांपेक्षा लाकडी दारे स्वस्त पडतात असे दिसल्यावर दारे आणून, त्यांना चौकोनी लाकडाचे पाय जोडून टेबले तयार करण्यात आली, आणि बेझोस स्वतःही तशाच टेबलापाशी बसत. पुढे १९९५ साली त्यांच्या आईवडिलांनी सुमारे अडीच लाख डॉलर कंपनीत घातले. त्या मानाने टेबलांवर झालेली बचत अगदीच किरकोळ होय. किंबहुना नव्या कंपनीचा मोठा खर्च बहुधा वेतनाचा असतो, लाकूडसामानाचा नव्हे. तेव्हा दाराच्या टेबलाचे मोल त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या चिन्हरूपात अधिक होते. येथे पैसा गिऱ्हाइकासाठी आहे, दिमाखासाठी नाही, हे नव्याने आलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नसे. बैठकीतील भाषणापेक्षा बसण्याची जागा अधिक बोलते.

चिन्हाचे पुढे काय होते हेही ह्याच उदाहरणात पाहावयास मिळते. कंपनी अवाढव्य झाल्यावरही दाराची टेबले राहिली, आणि बचतीची कल्पना सुचविणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांच्याच नावाचा पुरस्कार देण्यात येऊ लागला. मूळची गरज संपली, विधी उरला. भाषेतही असे घडते. व्युत्पत्ती विसरली जाऊनही शब्द चालूच राहतो.

उलट प्रकार लंडनच्या बू डॉट कॉम ह्या कपडे विकणाऱ्या कंपनीचा. १९९८ साली स्थापन होऊन १९९९ च्या नोव्हेंबरात तिचे दुकान संगणकजालावर उघडले आणि मे २००० मध्ये दिवाळे निघाले. दरम्यान सुमारे १३.५ कोटी डॉलर खर्ची पडले होते. केवळ उधळपट्टीनेच ती बुडाली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्या काळच्या संथ दूरध्वनी-जोडण्यांना तिची जड चित्रमय पृष्ठे पेलत नव्हती, हेही एक कारण होते.

पुण्यात १९८१ साली सात अभियंत्यांनी १०,००० रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस स्थापन केली. हे भांडवल सुधा मूर्ती ह्यांनी आपल्या बचतीतून दिले होते. आरंभी कंपनीजवळ स्वतःचा संगणक नव्हता; त्या काळी संगणक आयात करण्यास सरकारी परवाना लागे, आणि साध्या दूरध्वनीसाठीही दीर्घकाळ तिष्ठावे लागे. ह्याला काटकसर म्हणावे काय? काटकसरीत निवड गृहीत असते. जेथे खर्च करणे शक्यच नाही तेथे 'ओढाताण' हा शब्द अधिक योग्य. ओढाताणीच्या काळात लागलेली सवय हाती पैसा आल्यावर राखली गेली, तरच तिला काटकसर हे नाव शोभते.

आता पुन्हा पोटाच्या प्रश्नाकडे. नव्या कंपन्यांत कमी वेतनाच्या मोबदल्यात कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या किमतीस भाग विकत घेण्याचा हक्क देतात. कंपनी बुडाली तर तो हक्क कवडीमोलाचा ठरतो, व कमी घेतलेले वेतन मात्र गेलेले असते. संस्थापकही कमी वेतन घेतो हे उत्तर अपुरे आहे. बेझोस ह्यांचे वार्षिक मूळ वेतन अनेक वर्षे सुमारे ८२ हजार डॉलर होते, परंतु कंपनीचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे होता. दोघांचा चिमटा सारखा नव्हे. म्हणून प्रवास, निवास आणि टेबल ह्यांचे नियम संस्थापकाला व कनिष्ठ लेखनिकाला एकच आहेत की नाहीत, आणि भागांचा वाटा कोणापर्यंत पोहोचला, हे कर्मचारी बारकाईने पाहतात. कचेरीतील चहा बंद झाल्याची सूचना ज्या आठवड्यात लागते त्याच आठवड्यात मालकाची नवी मोटार दाराशी उभी राहिली, तर त्यांच्या तोंडी 'काटकसर' हा शब्द उपरोधानेच येऊ लागतो.