बैलाचा मागचा पाय अडकतो? डागू नका, विकू नका, आधी डॉक्टरला दाखवा

कळमेश्वर (प्रतिनिधी) : सकाळी बैल कोठ्यातून बाहेर काढला की मागचा एक पाय ताठ मागेच राहतो. खुराचं टोक जमिनीवर घासत जातं, मग झटका बसून पाय एकदम पुढे येतो. थोडा चालला की बैल मोकळा होतो, म्हणून आपण त्याला बंडीला जुंपतो. थंडीत हा त्रास जास्त दिसतो. कोणी म्हणतं वात आहे, कोणी डागायला सांगतं. शेवटी कामाचा बैल बाजारात पडत्या भावात जातो.

ही लक्षणं असतील तर बहुधा गुडघ्याची वाटी अडकते आहे. मागच्या पायाचा खरा गुडघा म्हणजे पोटाजवळ, मांडीच्या खाली असलेला सांधा. त्यातली वाटी खालच्या हाडाला तीन मजबूत पट्ट्यांनी बांधलेली असते. लोक या पट्ट्याला शीर म्हणतात, पण ती रक्ताची शीर नव्हे. आतल्या बाजूचा पट्टा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकला की वाटी वरच राहते अन् पाय वाकत नाही. डागल्याने कातडी जळते, पट्टा काही सुटत नाही.

उपाय म्हणजे तो आतला पट्टा कापणे. डॉक्टर साधारणपणे बैलाला दुखऱ्या पायाच्या कुशीवर पाडतात आणि वरचा पाय ओढून बांधतात, कारण पट्टा आतून असतो. जागा बधिर करून लहानशी चीर देतात. काम थोड्या वेळाचं आहे. बैल उठला की पुष्कळदा पाय लगेच नीट टाकतो. ते पाहून दुसऱ्या दिवशी वखराला जुंपू नका. जखम भरू द्या, माश्या बसू देऊ नका, सांगितलेली इंजेक्शनं पूर्ण करा. ऑपरेशनच्या आधी चारा कधी बंद करायचा ते विचारून घ्या, भरल्या पोटी पाडलेला बैल फुगतो. हे काम डॉक्टरचंच. गावातल्या जाणत्याकडून कापून घेऊ नका.

पायाला सूज, ताप किंवा खुरात जखम असेल तर कारण दुसरं असू शकतं.

वरातीसाठी घोडे पाळणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. घोड्याचीही वाटी अडकते, पण तिथे आधी व्यायाम अन् खुराकावर भर देतात. पट्टा कापल्यावर पुढे वाटीलाच इजा होण्याची भीती असते. शिवाय तरुण घोड्यात याच सांध्याच्या हाडात कधी पोकळी तयार होते. बाहेरून ती दिसत नाही, एक्स-रे काढावा लागतो. त्यावर दुर्बिणीतून पोकळी साफ करणे, तिच्यात औषध सोडणे किंवा हाडात स्क्रू बसवणे असे उपाय आहेत. सांधा झिजायच्या आत झाले तर घोडा कामाला येण्याची आशा जास्त. लंगडत्या घोड्याला नुसती दुखणं थांबवायची गोळी देऊन वरातीत नाचवलं तर सांधा आणखी खराब होतो.

आधी जवळच्या ढोरांच्या दवाखान्यात दाखवा किंवा 1962 या टोल-फ्री नंबरवर फोन करा. मोठ्या तपासणीसाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणखी एक. दवाखान्यापर्यंत चालत गेलेला बैल तिथे लंगडतच नाही, मग डॉक्टरला काय दिसणार? सकाळी कोठ्यातून काढतानाची पहिली पावलं मोबाईलवर बाजूने आणि मागून शूट करा अन् तो व्हिडिओ सोबत न्या.