मामाचं मचाण आणि जर्मनीतलं मचाण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. मधले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे हरणाची शिकार. थांबा, लगेच अनफॉलो करू नका. मी कुणाला बंदूक घ्या म्हणून सांगणार नाहीये. मला स्वतःला कोंबडी कापताना बघवत नाही (खाताना काही अडचण येत नाही, ते वेगळं). पण एक प्रश्न गेली दोन वर्षं डोक्यात फिरतोय, आणि तो सुरू झाला एका भिंतीवरून.

सातवीत असताना आमची इस्लामपूरहून कोल्हापूरला सहल गेली होती. नवा राजवाडा तुम्हीही बघितला असेल. पेंढा भरलेले वाघ, भिंतीवर हरणांची मुंडकी. तेव्हा पक्कं डोक्यात बसलं की शिकार हे राजाचं काम.

मग दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी आठ महिने जर्मनीत होतो, बव्हेरिया भागात. एका शनिवारी टीम लीडनं गावाकडच्या घरी जेवायला बोलावलं. जिन्याच्या भिंतीवर ओळीनं छोट्या छोट्या कवट्या, प्रत्येकीवर वीतभर शिंगं, खाली लाकडी पाटी आणि पाटीवर तारीख. मला वाटलं, हे लोक कुठल्यातरी सरदार घराण्यातले दिसतात. विचारलं तर कळलं, त्याचे वडील आयुष्यभर डेअरीत नोकरीला होते.

त्या कवट्या होत्या रो हरणाच्या. जर्मन लोक त्याला नुसतं 'रे' म्हणतात. चांदोलीच्या रानातलं भेकर बघितलं असेल तर साधारण तेवढंच समजा, वीस ते तीस किलोचं. भेकरासारखंच घाबरलं की कुत्र्यागत भुंकतंही. आणि तुम्ही त्याला ओळखता! बॅम्बी आठवतोय? फेलिक्स साल्टेन या व्हिएन्नाच्या लेखकाच्या १९२३ च्या कादंबरीतला बॅम्बी रो हरीणच होता. डिस्नीनं १९४२ ला सिनेमा काढताना त्याला अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण करून टाकलं. गंमत म्हणजे जगाला हरणाच्या पिल्लासाठी रडायला लावणारा हा साल्टेन स्वतः शिकारी होता.

मे महिना होता. नराच्या शिकारीचा हंगाम तिथं पारंपरिकपणे १ मेला सुरू होतो. वडील म्हणाले, येतोस का पहाटे बसायला? गेलो. चार वाजता शेताच्या कडेला लाकडी शिडी चढून वर बसलो. वर छप्पर, बसायला फळी, चहूबाजूंनी उघडं. म्हणजे आपलं मचाणच की! अडीच तास एक शब्द नाही. मग धुक्यातून एक नर आला. वडिलांनी दुर्बिणीतून बघितला आणि सोडून दिला. अर्ध्या तासानं दुसरा आला, त्याला मारला. पहिला तरणा आणि चांगला जोमदार होता, तो राहू दे म्हणाले.

खाली उतरल्यावर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. झाडाची एक छोटी फांदी मोडली आणि मेलेल्या हरणाच्या तोंडात ठेवली. त्याला तिथं 'शेवटचा घास' म्हणतात. दुसरी डहाळी रक्ताला लावून शिकाऱ्याच्या टोपीवर, उजव्या बाजूला. फांदी कुठल्याही झाडाची चालत नाही. ओक, पाइन, स्प्रूस, फर आणि अल्डर ही पाच झाडं ठरलेली. टोपी काढून एक मिनिट गप्प उभं राहायचं. शेजारच्या मचाणावरचा माणूस आला, 'वाइडमान्सहाइल' म्हणाला, यांनी 'वाइडमान्सडांक' म्हणून उत्तर दिलं. मोठ्या शिकारीत प्रत्येक प्राण्यासाठी शिंगाच्या तुतारीवर वेगळी धून वाजवतात.

त्यांची भाषाही वेगळीच. शिकारी रक्ताला रक्त म्हणत नाही, 'घाम' म्हणतो. हरणाच्या डोळ्यांना 'दिवे'. ढुंगणावरच्या पांढऱ्या ठिपक्याला 'आरसा'. जुलैच्या शेवटी नर माजावर असतात, तेव्हा बीच झाडाचं पान ओठात धरून मादीचा आवाज काढतात आणि नराला जवळ बोलावतात. (या प्राण्याची आणखी एक कमाल: मेळ जुलै-ऑगस्टात होतो, पण गर्भ चारेक महिने पॉजवर असतो. वाढ डिसेंबर-जानेवारीत सुरू, पिल्लं मे-जूनमध्ये, म्हणजे बरोबर गवत उगवल्यावर.)

हे सगळं ऐकायला भारी वाटतं. पण खरं सांगू? फांदी तोंडात ठेवल्यानं हरणाला काही फरक पडत नाही. तो विधी माणसासाठी आहे. मी विचार करत होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. डेअरीतल्या माणसाला हे हरीण मारायचा हक्क दिला कुणी?

याचं उत्तर आहे १८४८. त्याआधी जर्मन मुलखात शिकार हा राजे-सरदारांचा हक्क होता, तोही दुसऱ्याच्या शेतात. सरदाराचं हरीण शेतकऱ्याचं पीक खाणार, आणि शेतकऱ्यानं हात लावला तर शिक्षा त्यालाच. वर हाका घालायला, रान उठवायला त्यानंच फुकट जायचं. १८४८ च्या क्रांतीत लोकांनी जमिनीइतकीच या गोष्टीवर दातओठ खाल्ले आणि नियम उलटा झाला: जमीन ज्याची, शिकारीचा हक्क त्याचा. मग काय, जो तो बंदूक घेऊन सुटला. प्राण्यांची इतकी कत्तल झाली की १८५० ला प्रशियाला किमान क्षेत्राची अट घालावी लागली. आज जर्मनीत ७५ हेक्टर, म्हणजे साधारण १८५ एकर सलग जमीन असेल तरच स्वतःची शिकारहद्द मिळते. बाकी छोट्या शेतकऱ्यांची मिळून एक सोसायटी होते आणि ती हद्द भाड्यानं देते.

आता खरी मेख ऐका. जो ती हद्द घेतो त्याला नुसतं मारायला मिळत नाही. आधी परीक्षा, इतकी अवघड की तिला गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. मग हद्दीत किती हरणं कमी करायची याचं गणित. आणि हरणानं किंवा रानडुकरानं शेतकऱ्याचं पीक खाल्लं, तर भरपाई त्या सोसायटीच्या डोक्यावर, आणि करारानं ती बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या खिशातून जाते. शेतकऱ्यानं नुकसान कळल्यापासून आठवड्याच्या आत कळवायचं. म्हणून टीम लीडचे वडील पहाटे चारला उठतात. हौस आहेच, पण मक्याचं बिलही आहे.

सगळं आलबेल आहे असं नाही. देशात दरवर्षी साधारण बारा लाख रो हरणं मारली जातात, तरी जंगल खात्याचे लोक म्हणतात की कमी मारता, हरणं कोवळी रोपटी खाऊन नवीन जंगल उभंच राहू देत नाहीत. शिकारी म्हणतात, तुम्हाला फक्त लाकूड दिसतं. लांडगा आणि लिंक्स माणसानंच संपवले, मग त्यांचं काम माणसाच्या गळ्यात आलं. आणि हेच बंदूकवाले लोक मे-जूनमध्ये गवतकापणीच्या आधी थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन उडवून गवतात दडलेली पिल्लं उचलून बाजूला ठेवतात, मशीनखाली येऊ नयेत म्हणून. माझ्यासारख्या ड्रोनवेड्याला एवढा एक भाग बिनशर्त आवडला.

आता घरी येऊ.

आपल्याकडे शिकारीची परंपरा नव्हती असं कुणी म्हणालं तर हसा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात शिकारीवर चांगलं ऐसपैस लिहिलंय. कोल्हापूर संस्थानात तर अगदी विसाव्या शतकापर्यंत चित्त्याकडून काळवीट पकडायची शिकार चालायची. पाळलेला चित्ता गाडीत बसवायचा, डोळ्यांवर टोपी. कळपाजवळ गेलं की टोपी काढायची. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. राधानगरीचं जंगल हे संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ ला तिथलं दाजीपूर अभयारण्य झालं.

आणि त्याच माळावर दुसरा एक शिकारी होता, फासेपारधी. दोरीचे फास, बैलाच्या आडून हरणाच्या जवळ जायची कला, पाखरांचे हुबेहूब आवाज. जर्मन माणूस पान ओठात धरतो तेच हे. पण राजानं मारलं की मृगया, गोऱ्या साहेबानं मारलं की स्पोर्ट, आणि पारधी? इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार म्हणून शिक्का मारायची सोय झाली, त्यांत पुढं पारधीही आले. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना संस्थानात बोलावून कामं दिली, पहाऱ्यावर ठेवलं. तो कायदा मात्र १९५२ ला गेला, आणि शिक्का अजून पुरता गेलेला नाही. हे मी घाईत सांगतोय, यावर वेगळा भाग करायलाच हवा.

१९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याची शिकार शिल्लक होती, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही संपली. माझ्या मते बरोबरच झालं. तेव्हा थांबवलं नसतं तर काळवीट आपल्याला राजवाड्याच्या भिंतीवरच बघायला मिळालं असतं. याच कायद्यानं आणखी एक गोष्ट ठरवली: वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता.

आता गाडी सागरेश्वरला. इस्लामपूरहून बाइकनं पाऊण तास. देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, त्याच्या शेजारचे डोंगर. एकेकाळी उघडेबोडके. धों. म. मोहिते या माणसानं तिथं झाडं लावायचा ध्यास घेतला, लोक आणि वन विभाग मागं उभे राहिले, आणि १९८५ ला अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटर. चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले, भोवती कुंपण घातलं. माणसानं तयार केलेलं जंगल म्हणून आम्हाला फार अभिमान.

प्राणी वाढले. वाघ तिथं नाही, आणि जागा तेवढीच. उन्हाळ्यात आत चारा कमी आणि कुंपणाबाहेर हिरवागार ऊस, सोयाबीन, हरभरा. चितळाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

माझ्या मामाचं शेत तिकडं आहे, पावणेदोन एकर. गेल्या थंडीत गेलो होतो. शेताच्या कोपऱ्यात चार बांबू, वर फळ्या, फळ्यांवर घोंगडं. मामा रात्रभर तिथं. हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा. मी वर चढलो आणि क्षणभर बव्हेरियाच आठवलं. तीच उंची, तीच थंडी, तोच प्राण्याची वाट बघणारा माणूस. फक्त तिथं वर बसणाऱ्याला हक्क होता आणि भरपाईची जबाबदारीही. मामाकडं डबा.

"रातच्याला धा-बारा येत्यात," मामा म्हणाला. "डबा वाजवला की शेजारच्या रानात जात्यात. त्यो वाजवतोय, मग परत हिकडं."

भरपाई आहे. अर्ज करायचा, पंचनामा होतो, शासन पैसे देतं. पण मामाचा हिशोब असा की कागद गोळा करायला जेवढे हेलपाटे, तेवढ्यात दोन दिवसांची मजुरी बुडते. रानडुक्कर आणि नीलगायीसाठी २०१५ ला राज्यानं अटी घालून मारायची परवानगी द्यायची वाट काढली. चितळासाठी तसं नाही.

मग उपाय काय? मी जर्मनीचं सगळं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल हा आता शिकार उघडा म्हणणार. नाही. तिथं हक्क आणि बिल एकाच माणसाच्या नावावर आहे, म्हणून ते चालतं. आपल्याकडं नुसती बंदूक उघडली तर हक्क पैसेवाल्याला आणि बिल मामालाच, हे सांगायला बी.टेक. लागत नाही. मला उलटं वाटतं. हरीण सरकारचं आहे ना, मग घरमालकानं भाडेकरूचं बिल वेळेवर भरावं, तेही फोनवरून अर्ज करता येईल असं. तिसरी एक वाट वन विभागानं हाती घेतलीय: सागरेश्वरची चितळं पकडून चांदोलीला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायची. तिथं वाघाला खायला हवंय, इथं खाणारा नाही. हिशोब म्हणून हे मला सगळ्यात पटतं, पण घाबरट प्राणी पकडून नेणं काही सोपं नाही.

मामाला मचाणावर बसूनच टोपीवरच्या डहाळीची गोष्ट सांगितली. त्यानं शेवटपर्यंत ऐकली.

"मारायचं न्हाय बाबा मला," तो म्हणाला. "म्हादेवाच्या दारातली हरणं हायती ती. पर हरभऱ्याचं पैसं कुणी द्यायचं, त्यांनी का म्या?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मी माझ्या लायनीचं काम केलं. मामाच्या फोनमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन छापणारं कॅमेरा ॲप टाकून दिलं. सकाळी उजेड झाला की खुरांच्या ठशांचा, मोडलेल्या पिकाचा आणि बांधाचा फोटो काढायचा, म्हणजे पंचनाम्याला हातात काहीतरी राहतं. तुमच्या घरी कुणाची अशी शेती असेल तर एवढं नक्की शिकवा, दहा मिनिटं लागतात.

गेल्या शनिवारी मामानं पाच फोटो पाठवले. चार नुसते काळे. पाचव्यात हरभरा, आणि मागं अंधारात दोन हिरवे दिवे.

तुमच्याकडं कुठला प्राणी येतो, गवा, रानडुक्कर की मोर? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावतो.