नव्या लॅपटॉपवर चित्रफीत का अडखळते?

मूर्तिजापूर : मूर्तिजापूरची नॅरोगेज ‘शकुंतला’ आता धावत नाही, तिचे दर्शन चित्रफितींतच घडते. मोबाइलवर टिपलेली अशी एखादी चित्रफीत नव्याकोऱ्या लॅपटॉपवर लावावी, तर आवाज सुरळीत आणि चित्र मात्र गोठलेले! अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जातो. तो बहुधा चुकीचा असतो.

साठवणुकीसाठी चित्रफीत आकुंचित केली जाते. ती आकुंचित करणाऱ्या व उलगडणाऱ्या प्रणालीस ‘कोडेक’ म्हणतात. २००३ मधील एच.२६४ जवळपास सर्वत्र चालते. २०१३ मध्ये आलेले एच.२६५, अर्थात एचईव्हीसी, त्याच दर्जासाठी सुमारे निम्मी जागा घेते. म्हणून अनेक मोबाइल तेच वापरतात. मात्र त्यावर पेटंटचे शुल्क असल्याने विंडोजमध्ये ते अनेकदा वेगळे घ्यावे लागते. व्हीएलसी हा मोफत प्लेअर स्वतःचे कोडेक सोबतच आणतो. त्यात तीच फाइल नीट दिसली, की लॅपटॉप निर्दोष ठरला. तोवर मोबाइलमधील मूळ फाइल पुसू नये. बंद पडलेल्या गाडीचे चित्रीकरण पुन्हा कुठून करणार?

व्हीएलसीतही चित्र तुटत असल्यास फाइल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपमध्ये उतरवून पाहावी. नंतर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा. केवळ ब्राउझरमध्येच अडचण असेल, तर त्यातील ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करून पाहावे. अनोळखी संकेतस्थळांवरील फुकटचे ‘कोडेक पॅक’ टाळलेलेच बरे. एरवीही, अगदी लॅपटॉप सुरू होतानासुद्धा, पडद्यावर रेघा उमटत असतील, तर मात्र पावती घेऊन हमीच्या मुदतीतच दुकान गाठावे.