कोपऱ्यात उरलेली फट

म्हैसूरजवळच्या एखाद्या शेताच्या बांधावर उभं राहून कर्नाटक सरकारचं ‘दिशांक’ ॲप उघडलं, की पायाखालच्या जमिनीचा सर्व्हे नंबर मोबाइलवर उमटतो. नंबराभोवती एक बारीक रेघ असते. ती सगळीकडून बंद असेल तरच आत काय आणि बाहेर काय हे यंत्राला ठरवता येतं. सुट्या रेघा जोडून अशी बंद आकृती करणं हे नकाशांच्या संगणकीकरणातलं किचकट काम. बाहेरच्या माणसाला मात्र त्यात काही काम आहे असंच वाटत नाही, कारण पडद्यावर रेघा जोडलेल्याच दिसतात.

मूळ नकाशे कागदी. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली जमीनमोजणीची पद्धत १८६०च्या दशकात म्हैसूर संस्थानात गेली. त्यामुळे तिथला शेतकरीही जमीन एकर-गुंठ्यांतच सांगतो. भूमापन कचेरीत टिपण, आकारबंद, हिस्सा असे शब्द कानावर पडले की आपण सातारा-कोल्हापुरातच आहोत की काय, असं मराठी माणसाला वाटावं. तेव्हाच्या अनेक गावनकाशांचं प्रमाण एका मैलाला ८ इंच, म्हणजे एका इंचात ६६० फूट. कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ ८ मीटर होतो. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघच ४ मीटर जागा व्यापते. त्यात बांध तर बुडतोच, शेजारची पायवाटही बुडते.

हा कागद इंचाला ३०० ठिपके या दराने स्कॅन केला, तर एक ठिपका सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो. त्या ठिपक्यांवरून संगणक, किंवा माऊस धरून बसलेला माणूस, रेघा काढतो. घडीची खूण, शाईचा डाग, रेघेवर आलेला आकडा, अशा प्रत्येक ठिकाणी रेघ तुटते. एका शेताच्या चार बाजूंचे पंधरा तुकडे सहज होतात.

ऑटोकॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये साधी रेघ म्हणजे दोन टोकांचे निर्देशांक. दुसऱ्या रेघेचं टोक तिथेच येऊन टेकलं आहे, याची तिला खबर नसते. जोडण्याची आज्ञा दिली की प्रोग्रॅम टोकांचे आकडे ताडून बघतो. सरळ एका ओळीतल्या दोन रेघा मध्ये फट असली तरी एक होतात. कोन करणाऱ्या रेघांची मात्र टोकं जुळावी लागतात, मग त्यांची मिळून एक पॉलिलाइन बनते. गंमत उंचीच्या आकड्याची. एक रेघ शून्यावर आणि दुसरी चुकून ७०० मीटरवर असली, तर वरून बघताना कोपरा अगदी चपखल दिसतो आणि जोड काही लागत नाही. नवख्या ड्राफ्ट्समनची दुपार यात जाते.

आकडे तरी तंतोतंत जुळतात का? यूटीएम या जागतिक निर्देशांक-पद्धतीच्या ज्या पट्ट्यात म्हैसूर येतं, त्याच ४३व्या पट्ट्यात पुणं आणि कोल्हापूरही आहे. या पट्ट्यात म्हैसूरचा उत्तरेचा आकडा, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, साधारण १३ लाख ६० हजार मीटर. संगणक ६४ बिटांत १५-१६ अंक सांभाळतो, त्यातले ७ दशांश चिन्हाआधीच खर्ची पडतात. तोच कोपरा दोन वेगळ्या गणितांनी काढला, तर आठव्या-नवव्या दशांशस्थळी फरक येऊ शकतो. धुळीच्या कणाहून लहान, पण ‘दोन्ही आकडे सारखे आहेत का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येणार.

म्हणून प्रोग्रॅमला सूट द्यावी लागते: इतक्या अंतरातली टोकं एकच समज. ऑटोकॅडमध्ये तिला ‘फझ डिस्टन्स’ म्हणतात. दहा हजार रेघांची वीस हजार टोकं. प्रत्येक टोक दुसऱ्या प्रत्येकाशी ताडायचं तर जवळजवळ २० कोटी जोड्या होतात. त्यावरचा उपाय म्हणजे नकाशावर चौकटी आखायच्या आणि टोक ज्या चौकटीत पडेल ती नि तिच्या भोवतीच्या आठ, एवढ्याच तपासायच्या. हिशेबाचं ओझं असं हलकं होतं. सूट किती द्यायची, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

समजा २ मीटर दिली. स्कॅनवर ते तीनच ठिपके. शंभर मीटर लांब बांधाचं एक टोक त्या सुटीत २ मीटर आडवं सरकलं, की शंभर चौरस मीटरचा त्रिकोण इकडचा तिकडे जातो. ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे आपला एक गुंठा, १०१ चौरस मीटर. माझ्या मते सुटीचा हा आकडा प्रत्येक नकाशावर छापायला हवा. शिवाय सूट साखळीनं पसरते: पहिलं टोक दुसऱ्याला लागून, दुसरं तिसऱ्याला लागून, आणि पहिलं-तिसरं एकमेकांपासून चांगलंच लांब. प्रोग्रॅम बेसावध लिहिला असेल तर तिन्ही एका बिंदूत गोळा होतात.

यातून सुटण्याची वाट फार जुनी आहे. १९६३मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतल्या प्रबंधासाठी केलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये दोन रेघा एकच बिंदू वाटून घेत, बिंदू हलवला की दोन्ही हलत. बिंदू एकमेकांत विलीन करणं ही तिथली पायाभूत क्रिया होती. १९८२मध्ये आलेल्या ऑटोकॅडनं साध्या रेघेला पुन्हा स्वतःची टोकं दिली. चित्र काढण्यापुरतं ते सोयीचंच. जमिनीच्या नकाशांसाठी मात्र जीआयएस (भौगोलिक माहिती) प्रणालींनी सामाईक बिंदूंची वाट धरली. दोन शेजाऱ्यांमधला बांध तिथे एकदाच साठवता येतो. दोनदा काढला, तर मध्ये कोणाच्याच नावावर नसलेली चिंचोळी पट्टी उरते किंवा तीच पट्टी दोघांच्याही क्षेत्रात मोजली जाते. एकदाच काढला, तर याचं क्षेत्र जेवढं वाढेल तेवढंच त्याचं घटतं आणि ते लगेच पडद्यावर दिसतं.

तीन हद्दी मिळतात तिथेही रेघांचे कोन क्रमानं बघून कुठली रेघ कुठल्या शेताची, हे यंत्र ठरवू शकतं. फट दिलेल्या सुटीपेक्षा मोठी निघाली, तर मात्र टिपण काढून मोजणीच्या वेळी लिहिलेली अंतरं बघावी लागतात. त्यानंही भागलं नाही, तर भूमापक हद्दीचे दगड शोधत शेतात जातो.