स्किझोफ्रेनिया : देहाची तक्रार कोण ऐकणार?

स्किझोफ्रेनियाविषयी बोलताना आपण भास, संशय, एकट्याने बडबडणं एवढ्यावरच थांबतो. या माणसांना शरीरही आहे, हे बोलण्यात येतच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. आत्महत्या हे एक कारण आहेच. पण जास्त मृत्यू हृदयविकार, मधुमेहाची गुंतागुंत, फुप्फुसाचे आजार, जंतुसंसर्ग यांनी होतात. म्हणजे ज्यांवर उपचार आहेत, अशाच आजारांनी.

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. ओलान्झापिन, क्लोझापिन अशा औषधांनी भास आटोक्यात येतात; पण भूक वाढते, वजन वाढतं, रक्तातली साखर चढते. आजारामुळे उमेद गेलेली असते, म्हणून हालचाल कमी. विडी-तंबाखू जास्त. वर गरिबी. हे ऐकून कुणी घरच्या घरी औषध बंद करू नये. औषध सुटलं की आजार उलटतो आणि जिवाचा धोका वाढतो.

आता आपल्या परभणीचा मे महिना घ्या. पारा ४२ च्या वर जातो. या आजारावरच्या बऱ्याच औषधांनी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था बिघडते. काहींनी घामही कमी येतो. २०२१ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची लाट आली, तेव्हा स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मृत्यूचा धोका फार मोठा असल्याचं दिसून आलं. थंड मुलखात ही गत, तर पत्र्याच्या खोलीत दुपार काढणाऱ्या आपल्या माणसाचं काय?

पण याहून खोल एक कारण आहे, आणि ते आपल्या ऐकण्यात आहे. समजा, जिंतूरकडच्या एखाद्या गावातला असा रुग्ण म्हणाला, ‘छातीत दुखतंय.’ घरचे म्हणतात, ‘ह्याचं रोजचंच आहे.’ दवाखान्यात जुना कागद बघून मानसोपचाराकडे पाठवतात. ईसीजी राहूनच जातो.

न्यायदर्शनात ‘शब्द’ हे प्रमाण मानलं आहे; विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यातून ज्ञान मिळतं. असा माणूस, म्हणजे आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायभाष्यात सांगितलं आहे की ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि जी ती तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. ऋषी, आर्य, म्लेंच्छ, सगळ्यांना हे लक्षण सारखंच लागू. बघा, इथे माणसाची पायरी विचारलेली नाही. मग स्वतःच्या छातीतल्या कळेविषयी त्या रुग्णाहून जवळचा साक्षीदार कोण? शेजारी विष घालतो, हे त्याचं म्हणणं खोटं असेल. म्हणून छातीत दुखतं हेही खोटं, असा निष्कर्ष निघत नाही. तपासल्याशिवाय तर नाहीच.

कायदाही हेच सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २१ वं कलम म्हणतं की आरोग्यसेवेत मानसिक आजार असलेल्यांना शारीरिक आजाराच्या रुग्णांच्या बरोबरीने वागवलं पाहिजे. रुग्णवाहिकासुद्धा त्याच दर्जाची मिळाली पाहिजे. राज्यातली ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चारही जुनी मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर आहेत. त्यामुळे रोजची काळजी गावात आणि तालुक्यातच घ्यावी लागणार.

ती फार खर्चिक नाही. औषध सुरू होताना, मग तीनेक महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी तपासावी. उपकेंद्रात तिशीपुढच्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी होते. त्यात या माणसाचं नाव आहे का, हे आशाताईंना विचारावं. क्लोझापिन चालू असेल तर ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत, आणि बद्धकोष्ठ अंगावर काढू नये. ते जिवावर बेतू शकतं. विडी एकदम सोडली की क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून विडी जरूर सोडावी, पण डॉक्टरांना सांगून. उन्हाळ्यात दुपारी सावली आणि पाणी आपण होऊन द्यावं.

आणि तो ‘दुखतंय’ म्हणाला, तर पहिला प्रश्न एवढाच विचारावा : ‘कुठे दुखतंय?’