आधी धोका, मग रोगाचे नाव

मुंबई-गोवा महामार्गाला कोल्हापूरचा रस्ता मिळतो त्या पालीच्या परिसरात भातलावणीच्या दिवसांत आलेला ताप साधा, डेंग्यूचा की लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा), हे पहिल्या दिवशी केवळ लक्षणांवरून ओळखणे डॉक्टरांनाही कठीण असते. म्हणून उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने रोगाच्या नावाआधी धोका ठरवावा. आयुष्मान भारत योजनेतले हे पद अनेकदा परिचारिका सांभाळतात. चिखलात अनवाणी काम, दुखणाऱ्या पोटऱ्या, लाल डोळे यांनी लेप्टोचा संशय बळावतो. कावीळ, घटलेली लघवी किंवा धाप दिसली, तर तपासणीच्या निकालासाठी न थांबता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे.

डॉक्टरांशिवाय हे जोखमीचे नाही का? कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातील १८ चाचण्यांनुसार, प्राथमिक सेवेत प्रशिक्षित परिचारिकांचे रुग्ण डॉक्टरांच्या रुग्णांइतकेच किंवा थोडे अधिक बरे राहतात. त्या चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या होत्या, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून परिचारिकेचा अधिकार काढून घ्यावा असे निघत नाही. लेखी उपचारपद्धती, ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवर डॉक्टरांचा सल्ला आणि वेळेवर १०८ रुग्णवाहिका यांची जोड तिला हवी, एवढेच निघते.